टोपलीचा काठ

एसटीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत केळी, खारीचा पुडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. वरून फडकं बांधलं होतं. मे महिन्यातली सकाळ, दहाचा सुमार, पण स्टँडासमोरचं डांबर आताच पायाखाली मऊ लागत होतं.

बुरूड गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली इठा नेहमीच्या जागी बांबू फोडत बसली होती. मला बघून तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही.

"आलीस?"

"आले की. पंचमीनंतर आज भेटतेय, उठ तरी."

"उठून उभं ऱ्हायला तू काय कलेक्टरीण झालीस?"

असलं काही बोलून ती नेहमी स्वतःच आधी हसायची. त्या दिवशी हसली नाही. तिच्या शेजारी शेवंताची जागा रिकामी होती. बसायचं पोतं घडी घालून झाडाच्या बुंध्याशी ठेवलं होतं.

"शेवंता कुठं आहे?"

"आहे म्हणं! हाय म्हणायची लाज वाटाय लागली व्हय तुला?" इठानं बांबूवर घाव घातला. "घरात हाय. जा, बघ जा."

आम्ही तिघी एकाच गल्लीत वाढलो. तिघींची लग्नं एकाच गल्लीत, चार घरांच्या अंतरावर झाली. मला तिशीच्या आतच वैधव्य आलं. शेवंताचा नवरा पुण्याकडे कामाला गेला आणि तिथंच दुसरं घर करून बसला. इठाचा संसार तेवढा नीट चालला होता, म्हणून ती आम्हां दोघींना धाक दाखवायची. कडुनिंबाखाली बसून आम्ही सुपं, दुरड्या, टोपल्या विणायचो. शेवंताच्या हाताला गल्लीत तोड नव्हती. मी डावखुरी. सगळ्यांची काठाची बांधणी उजवीकडं कलायची, माझी डावीकडं. बाजारात टोपल्यांची रास घातली तरी माझी टोपली लांबून ओळखू यायची. इठा म्हणायची, "हिची टोपली रुसलेल्या सुनंवानी दिसती, तोंड फिरवून बसलेली."

मी सत्ताविसाव्या वर्षी अक्षरं शिकले. देवळामागं प्रौढांचा वर्ग सुरू झाला, तिथं. त्याला कारण असं घडलं की, बाजारात वडाखाली आम्हां बायकांच्या बसायच्या जागा होत्या. एक माणूस कागद घेऊन आला, जागा पक्क्या करून देतो म्हणाला, आणि सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला. जागा आम्ही आपखुशीनं सोडल्या असं त्या कागदावर लिहिलेलं होतं, हे आम्हांला महिन्यानं कळलं. त्यानंतर मी वर्गाला जायला लागले. वाचायला आलं त्या दिवशी मी या दोघींना कडुनिंबाखाली उभं करून शपथ घ्यायला लावली, की तानूनं, म्हणजे मी, वाचल्याशिवाय कुठल्याही कागदाला अंगठा लावायचा नाही. इठानं हसत हसत शपथ घेतली. शेवंतानं डोळे मिटून घेतली.

पुढं बाहेरून बसून दहावी झाले, बारावी झाले आणि पस्तिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या एका कॉलेजात गेले. वसतिगृहात राहिले. बरोबरच्या मुली मला मावशी म्हणायच्या. हे सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं सांगते आहे. पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं.

शेवंताच्या घरात अंधार होता. ती चुलीपाशी बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आली गं माझी कालेजवाली! बस, बस. वाळलीस की. तिथं भाकरी मिळत न्हाई व्हय?"

"चपाती मिळते. कागदासारखी."

"मग खातीस का वाचतीस?"

मी हसले. इतक्या महिन्यांनी पोटातून हसले. तिनं वर्षभराचं सगळं विचारून घेतलं. बाकावर बसवतात की खाली, बाप्ये मास्तर शिकवतात का, पोरी मला हसतात का. मी सांगत होते. इंग्रजीच्या तासाला मला घाम फुटायचा, ग्रंथालयात एवढी पुस्तकं की वाटायचं मरेपर्यंत वाचली तरी एक कपाट सरणार नाही. ती "अगं बया" म्हणत ऐकत होती. डाव्या हातानं तिनं चहाचं आधण ठेवलं, डाव्या हातानं साखर टाकली. मला वाटलं, उजव्या हातात काहीतरी धरलं असेल. तिच्या उजव्या खांद्यावरून पदर खाली सोडलेला होता.

एवढ्यात इठाही आत आली आणि उंबऱ्याला टेकून बसली. मी फडकं सोडून केळी बाहेर काढली, खारी काढली. मग बांगड्या काढल्या.

"तुझ्या आवडीचा रंग. हात दे, भरते."

शेवंतानं डावा हात पुढं केला. सहा बांगड्या भरल्या.

"दुसरा."

इठा उंबऱ्यावरून म्हणाली, "दाखीव की तिला. किती वेळ पदराखाली ठेवणार?"

शेवंतानं पदर बाजूला केला. कोपराच्या चार बोटं खाली हात संपत होता. त्याच्यावर पांढऱ्या फडक्याची गुंडाळी होती.

उरलेल्या सहा बांगड्या माझ्या हातात होत्या. त्यांचं काय करावं हे मला कळेना.

इठानंच सांगितलं. शेवंता मान खाली घालून आधणात पावडर टाकत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती.

होळीनंतरची गोष्ट. टोपली विणताना बांबूच्या कामटीची काडी शेवंताच्या तळहातात घुसून मोडली. असं रोजच होतं. तिनं सुईनं कोरून काढली, हळद दाबली. आत तुकडा राहिला होता. चौथ्या दिवशी हात दुधी भोपळ्यासारखा सुजला. इठा तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"डाक्टर भला माणूस हुता," इठा म्हणाली. "म्हणाला, बाई, दोन बोटं काढावी लागतील, हात ऱ्हाईल, पण आजच काढाय पायजेत. कागद पुढं केला. ही म्हणती, अंगठा लावायची न्हाई. तानूनं वाचल्याबिगर न्हाई."

"तू का नाही सांगितलंस तिला?"

"सांगितलं न्हाई? पाया पडले हिच्या! डाक्टरनं सोता वाचून दाखीवला कागद, नर्सबाईनं दाखीवला. ही म्हणती, त्या वडाखालच्या मानसानंबी वाचूनच दाखीवला हुता."

चहा उतू जायला आला. शेवंतानं तो डाव्या हातानंच उतरवला.

"मग मी दुसऱ्या दिवशी पहाटं गावात आले, हिची अर्धी राहिलेली टोपली उचलली, ज्या टोपलीपायी हे झालं तीच, आन् कोल्हापूरच्या गाडीवर महिपती कंडक्टरकडं दिली. म्हटलं, तानूबाईला तिच्या वसतिगृहात पोचती कर. आन् परत मिरजंला हिच्यापाशी."

इथं आमची एक रीत सांगायला हवी. गल्लीतल्या लेकी परगावी नांदायला जायच्या. कुणालाच लिहिता यायचं नाही, आणि तोंडी निरोप सासरच्यांच्या कानावर जायचा. म्हणून अडचणीत असलेली लेक काठ न बांधलेली टोपली माहेरी पाठवायची. कामट्यांची टोकं उघडी, वर आलेली. बघणाऱ्याला वाटायचं, अर्धवट काम आहे. आमच्या बायकांना कळायचं. हातातलं टाकून ये, असा त्याचा अर्थ. अशी टोपली आली की बाई चुलीवरची भाकरी तव्यावर सोडून निघायची.

त्या वर्षी मला अशी टोपली एकदा आधीही आली होती. श्रावणात. मी चाचणी परीक्षा सोडून धावत आले, तर या दोघी पंचमीचा झोका बांधून माझी वाट बघत हसत होत्या. तुझ्याबिगर झोका कसा खेळायचा, म्हणून शेवंतानं पाठवली होती. मी दोघींवर खूप चिडले. वसतिगृहाच्या बाईंनी लेखी समज दिली, परत अशा न सांगता गेलात तर जागा जाईल. तेव्हा शेवंतानं माझा हात धरून सांगितलं होतं, "चुकलं माझं. आता उगाच कदी पाठवायची न्हाई."

"तीन दिस वाट बघितली," इठा म्हणाली. "दरवाजा वाजला की ही मान वर करायची. चौथ्या दिवशी तापात बडबडाय लागली, शुद्ध न्हाई. तवा मीच लावला अंगठा. माझा. शपथ मोडली म्या. पर तवर बोटांचं काम ऱ्हायलं नव्हतं."

मग इठानं सरळ माझ्याकडं बघत विचारलं, "टोपली पोचली न्हाई तुला?"

टोपली आमच्या तिघींच्या मधोमध होती. आत खारीचा पुडा होता.

"पोचली," मी म्हणाले. "हीच ती. पण काठ बांधलेला होता गं. पहारेकऱ्यानं आणून दिली तेव्हा बांधलेलाच होता. मला वाटलं, प्रेमानं भेट पाठवलीय."

इठाचं तोंड उघडं राहिलं. "बांधलेला?"

"हो."

"म्या उघडी दिलीया! माझ्या हातानं!" ती उंबऱ्यावरून अर्धी उठली. "कुणी बांधला मग? महिपतीनं? त्याला कुठं येतंय..." ती थांबली. मांडीवर हात मारून म्हणाली, "त्याची बायकू! सांगलीच्या बुरडाची लेक हाय ती. मुडद्यानं टोपली आधी घरी नेली असणार. तिनं बघितलं, काठ न्हाई, बसली बांधत! एवढं कळू नये? बुरडाच्या लेकीला?"

"तिच्याकडं नसेल ही रीत," मी म्हणाले.

"रीत नसू दे, अक्कल नगं? आण हिकडं, बघू दे कशी बांधलीया भवानीनं."

इठाची नजर तेव्हाच अधू झाली होती. लांबून, त्या अंधारात तिला काठाची बांधणी दिसत नव्हती. पण हातात घेतली असती तर बोटांनी कळलं असतं. तिनं हात पुढं केला.

शेवंतानं टोपली उचलली. खारीचा पुडा काढून खाली ठेवला आणि टोपली मांडीवर घेतली. बांगड्या भरलेल्या हाताचा अंगठा काठावरून फिरवला. हळू. एक वेटोळं, दुसरं वेटोळं. अर्ध्या काठावर येऊन तो थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"आण की," इठा म्हणाली.

"बघायचं काय त्यात," शेवंता म्हणाली आणि टोपली आपल्या मागं सारली. "चार बायकांसारखी बांधलीया. चहाला दूध न्हाई, इठा. तानू काय कोरा पिणार हाय? जा, जरा धारवाल्याकडनं आण जा."

इठा कुरकुरत, महिपतीच्या सात पिढ्या काढत तांब्या घेऊन गेली.

घरात आम्ही दोघीच राहिलो. शेवंतानं टोपली पुन्हा पुढं घेतली, दोन्ही गुडघ्यांत धरली आणि दातांनी बांधणीचं टोक सोडवलं. मग डाव्या हातानं एकेक वेटोळं उकलायला लागली. टोपली गुडघ्यांतून निसटत होती.

"धर जरा," ती म्हणाली.

मी धरली.

टोपली आली त्या दिवशी पहिल्या पेपराला आठ दिवस उरले होते. पहारेकऱ्यानं "कंडक्टर देऊन गेला" एवढंच सांगितलं. मी ती बघितली आणि त्याच क्षणी मला कळलं. शेवंताचं काम मी ओळखणार नाही असं होणार नव्हतं. ती आता उगाच पाठवणार नाही हेही मला ठाऊक होतं. मी पिशवी भरली. एक लुगडं, कंगवा. मग खाटेवर बसले. पुस्तक उघडं होतं. बाईंची समज आठवली. वाटलं, नवरा परत आला असेल, भांडण असेल, आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतं. पिशवी रिकामी केली. टोपली खिडकीत ठेवली. पण वाचायला बसले की त्या उघड्या कामट्या हाताच्या बोटांसारख्या वर आलेल्या दिसायच्या. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी खानावळीतलं एक मोडकं सूप मागून आणलं, त्याच्या पट्ट्या सोडवल्या, बादलीत भिजत घातल्या आणि संध्याकाळी बसून काठ बांधून टाकला. त्यात वह्या ठेवल्या. खोलीतली मुलगी म्हणाली, "मावशी, किती सुंदर!" त्या रात्री मला झोप लागली.

शेवंतानं शेवटचं वेटोळं सोडवलं. पट्टीची गुंडाळी केली आणि चुलीत सरकवली. वाळलेला बांबू लगेच पेटला.

"पेपर कसं गेलं?" तिनं विचारलं.

"बरे गेले."

"पास हुशील?"

"होईन."

"मग झालं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. रागानं नाही, एखादी बाई पंगतीत वाढणारणीला वाट देते तसे. बाहेर इठाचा आवाज आला आणि आम्ही दोघी सावरून बसलो.

"काठ कुठं गेला?" इठानं आत येताच विचारलं.

"निघाला," शेवंता म्हणाली. "कच्चा बांधला हुता."

"बांधणारीच कच्ची," इठा म्हणाली. आम्ही चहा प्यायलो.

मी एकवीस दिवस गावात होते. तेवढ्यात सगळ्या गल्लीत ती गोष्ट पसरली. महिपतीची बायको बाजाराला आली की आमच्या बायका तिच्याकडं पाठ करून बसायच्या. तिनं दोघी-तिघींना विचारलं, माझं काय चुकलं. कुणी सांगितलं नाही. महिपती आमच्या नळावर पाणी प्यायला थांबायचा, त्याला एकीनं तोंडावर सांगितलं, दुसरीकडं बघ. तो ओशाळून हसला आणि गाडीत जाऊन बसला. मी तेव्हा नळापाशीच होते. घागर भरत होते.

मी गावी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी शेवंतानं इठाच्या धाकट्या पोराची पाटी मागून घेतली होती.

"मला नाव लिहाय शिकीव," ती म्हणाली.

"शिकवते. पण डाव्या हातानं जड जाईल."

"तुझा डावाच हात हाय की." पाटीवरची धूळ तिनं पदरानं पुसली. "तुझा हात मला चांगला ठावा हाय."

रोज दुपारी मी तिच्या शेजारी बसायचे. प्रौढांच्या वर्गात उजव्या हातानं लिहिणाऱ्या बाईंकडून शिकताना माझे जे हाल झाले होते ते तिचे झाले नाहीत. पेन्सील कशी धरायची, पाटी कुठं कलती करायची, हे मी तिला माझ्या हातावरून दाखवत होते. तिच्या बोटांची कारागिरी गेली नव्हती. अक्षर पहिल्या आठवड्यातच माझ्यापेक्षा वळणदार यायला लागलं. आम्ही फार बोलायचो नाही. पूर्वी तोंडाला खळ नसायची.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या अक्षराकडं न बघता पाटीवर नाव लिहिलं. पूर्ण, सासरच्या आडनावासकट.

"आता बाराखडी पुरी करू," मी म्हणाले. "दिवाळीला आले की वाचायचं धरू."

"नगं. एवढंच पुरं."

"नुसतं नाव घेऊन काय करशील? कागद वाचता नको यायला? वाचल्याशिवाय सही करणार?"

"करीन की," शेवंता म्हणाली. "वाचलं काय, न वाचलं काय. कुणाची वाट बघत पडायला नगं, एवढ्यापायी शिकले."

बाहेर महिपतीच्या पाचच्या गाडीचा भोंगा वाजला. कडुनिंबाखालून इठा थुंकल्याचा आवाज आला. "गेला बघ, मुडदा," ती म्हणाली. "हात खाल्ला पोरीचा, आन् बघा कसा भोंगा वाजवीत जातोय."

शेवंतानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तशी ती बराच वेळ बघत राहिली. इठा दहा पावलांवर होती, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. गाडीचा आवाज पुलाकडं गेला, मग बंद झाला.

मी पाटी पुसायला हातात घेतली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि माझ्या हातातून पाटी काढून घेतली. "माझं नाव मी पुसीन."